तेवीस खेळ्यांचा डाव : आरोनियन विरुद्ध आनंद

२८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमी शहरात आपल्या नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली. समोर कोनेरू हंपी होती, म्हणजे अंतिम सामन्यातल्या दोघीही भारतीय. क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि निकाल टायब्रेकवर गेला. दिव्या तेव्हा १९ वर्षांची होती. त्या विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टरही झाली. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टरसुद्धा नागपूरचेच. वर्ध्याहून पॅसेंजर पकडली तर दीड-दोन तासांवर असलेल्या गावातून हे तिघे घडले, ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही.

त्या आठवड्यात आमच्या हॉस्टेलवर जिकडेतिकडे बुद्धिबळ सुरू होते. सबमिशन बाजूला पडले, मेसमध्ये भाजीच्या ताटाशेजारी मोबाईलवर डाव चालू. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बहुतेक जण डाव बघत नव्हतेच, ते डावाशेजारची संगणकाची पट्टी बघत होते. पट्टी वर गेली की "वा!", खाली आली की "गेला रे डाव!" का गेला, ते विचारले की सगळे गप्प. आपण क्वेश्चन बँकेतली उत्तरे पाठ करून पेपर देतो, त्यातलाच हा प्रकार. उत्तर माहीत असते, प्रश्न काय होता ते माहीत नसते.

म्हणून या लेखात एक डाव आपण पट मांडून बघू. दिव्याचा निर्णायक डाव खूप लांबला होता. सुरुवात करणाऱ्याला छोटा डाव बरा, म्हणून मी फक्त २३ खेळ्यांचा एक डाव निवडला आहे. तारीख १५ जानेवारी २०१३, ठिकाण नेदरलँड्समधले वाइक आन झी, स्पर्धा टाटा स्टील, चौथी फेरी. पांढरी मोहरी आर्मेनियाच्या लेव्हॉन आरोनियनकडे, काळी विश्वनाथन आनंदकडे. आरोनियन तेव्हा क्रमवारीत जगात तिसरा होता. आनंद जगज्जेता होता खरा, पण ४३ वर्षांचा झाला होता, आणि तो आता सांभाळून खेळतो, त्याची धार गेली, असे बोलले जात होते.

वाचण्याआधी

पट समोर घ्या, नुसते वाचून उपयोग नाही. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या रांगांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत आणि आडव्या रांगांना पांढऱ्याकडून १ ते ८ असे आकडे. म्हणजे पांढरा राजा सुरुवातीला ई१ वर, काळा ई८ वर. फक्त घराचे नाव असेल तर खेळी प्याद्याची समजायची. × म्हणजे मारले.

आणखी एक पथ्य पाळा. पुढची खेळी स्केलपट्टीने झाकून ठेवा, आपली खेळी वहीत लिहा आणि मगच पट्टी सरकवा. मी आणि माझा रूममेट हा डाव असाच तीन रात्री घेऊन बसलो होतो. ज्याच्या खेळ्या जास्त जुळतील त्याला दुसऱ्याने गोरसपाकाचा एक पुडा द्यायचा, अशी पैज होती.

सुरुवात

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ ई६ ५. ई३ घोडा (बी८ चा) डी७ ६. उंट डी३ डी×सी४ ७. उंट×सी४ बी५ ८. उंट डी३ उंट डी६ ९. किल्लेकोट, किल्लेकोट १०. वजीर सी२ उंट बी७ ११. ए३ हत्ती सी८.

या मांडणीला मेरान म्हणतात. इटलीतल्या मेरानो गावी १९२४ साली झालेल्या स्पर्धेत ग्रुनफेल्डविरुद्ध रुबिनस्टाइनने ती काळ्याकडून वापरली, त्यावरून हे नाव पडले. रुबिनस्टाइनचे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

आता पट बघा. काळ्याचा बी७ वरचा उंट लांब तिरक्या रेषेवर उभा आहे. बी७, सी६, डी५, ई४, एफ३, जी२, एच१ अशी ती रेषा थेट पांढऱ्या राजाच्या कोपऱ्यात जाते. पण सी६ वर काळ्याचेच प्यादे आडवे बसले आहे. म्हणजे तोफ आहे, पण तोंडावर भिंत. दुसरा उंट डी६ वरून एच२ कडे बघतो आहे. पांढऱ्याचीही तयारी आहे. सी२ चा वजीर आणि डी३ चा उंट एकामागे एक उभे राहून एच७ वर नेम धरून आहेत.

एका प्याद्याची किंमत

१२. घोडा जी५. एच७ वर आणखी एक मोहरा आला. आपल्यापैकी कोणीही इथे घाबरून एच६ किंवा जी६ करील. आनंदने केले १२...सी५! त्याने एच७ कडे पाहिलेच नाही, उलट बी७ च्या उंटासमोरची भिंत काढून घेतली.

१३. घोडा×एच७. आरोनियनने प्यादे घेतले. एच७ वरचा हा घोडा एफ८ च्या हत्तीलाही मारतो आहे. काळ्याने एफ६ च्या घोड्याने हा घोडा मारला तर पांढरा उंट शह देत एच७ वर येतो आणि मग सावकाश ई४ वर परततो. पांढऱ्याला एक प्यादे फुकट, आणि बी७ चा उंटही अडला.

१३...घोडा जी४! आता एच२ वर काळ्याचा डी६ चा उंट आणि जी४ चा घोडा दोघे टपलेले. पांढऱ्याने हावरेपणाने १४. घोडा×एफ८ केले तर उंट×एच२ शह, १५. राजा एच१ वजीर एच४ आणि राजाच्या अंगणात तीन काळे मोहरे. तिथून पांढरा निभत नाही. म्हणून आरोनियनने १४. एफ४ करून उंटाची रेषा बंद केली. खेळी समजण्यासारखी आहे, पण तिचे बिलही आले. एफ२ चे प्यादे पुढे गेल्यामुळे जी१ कडे जाणारी दुसरी तिरकी रेषा उघडी पडली.

१४...सी×डी४ १५. ई×डी४ उंट सी५! डी६ च्या रेषेवर अडथळा आला, तर उंट शेजारच्या रेषेवर सरकला. सी५, डी४, ई३, एफ२, जी१ ही ती रेषा, आणि मध्ये फक्त डी४ चे एक प्यादे. हा उंट त्या प्याद्याने मारता येतो. १६. डी×सी५ झाले तर डी७ चा घोडा सी५ वर मारतो, डी३ च्या उंटावर एकाच वेळी घोडा आणि वजीर येतात, आणि डी४ वर शह देत शिरायला काळ्या वजिराला वाट मोकळी होते.

पटावर आता दोन रेषा झाल्या. एक बी७ वरून एच१ वर संपते, दुसरी सी५ वरून जी१ वर. ग्राफिक्सच्या शीटवर काढून बघा, दोन समांतर तिरक्या रेषा आणि त्यांच्या टोकांना राजाची दोन घरे. राजा एका घरातून दुसऱ्यात गेला तरी सुटका नाही. पुढचे सगळे या आकृतीतूनच येते.

घोडा ई५ वर

१६. उंट ई२. आरोनियनने जी४ च्या घोड्यावर हल्ला केला. इथे थांबा आणि वहीत खेळी लिहा. घाई करू नका, दहा मिनिटे घ्या.

१६...घोडा (डी७ चा) ई५!! एफ४ च्या प्याद्याच्या तोंडात घोडा नेऊन ठेवला. जी४ चा घोडा आधीच मारात, एफ८ चा हत्तीही मारात. म्हणजे सी५ चा उंट धरून काळ्याचे चार मोहरे एकाच वेळी मारता येतात आणि तरीही जिंकतो आहे काळाच. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले खेळी छापताना गफलत झाली असेल.

या खेळीने दोन कामे झाली. घोडा डी७ वरून हटला, त्यामुळे डी८ च्या वजिराला डी४ पर्यंत सरळ रस्ता मिळाला. आणि जी४ वर मारामारी झाली तर परत मारायला दुसरा घोडा हजर.

प्याद्याने घोडा खाल्ला तर? १७. एफ×ई५ वजीर×डी४ शह. १८. राजा एच१ वजीर जी१ शह!! वजीर राजाच्या शेजारी जाऊन बसतो. राजाला तो मारता येत नाही, कारण सी५ च्या उंटाचा त्याला जोर आहे. हत्तीनेच मारावे लागते. १९. हत्ती×जी१ घोडा एफ२ मात. राजाच्या चारी बाजूंना त्याचीच माणसे, हलायला जागा नाही, आणि घोडा उडी मारून मात देतो. यातही एक गंमत बघा. सी२ चा वजीर दुसऱ्या रांगेवरून एफ२ चा घोडा मारू शकला असता, पण मध्ये ई२ वर स्वतःचाच उंट उभा आहे. घोड्याला हाकलायला आणलेल्या उंटानेच वजिराचा रस्ता अडवला.

१७. डी×सी५ केले तर? वजीर डी४ शह, १८. राजा एच१ घोडा एफ२ शह. हत्तीने तो मारला तर वजीर हत्ती मारून एफ२ वर बसतो, आणि वजीर व बी७ चा उंट मिळून जी२ वर मात द्यायला तयार. हत्तीने न मारता राजा जी१ वर गेला तर घोडा एच३ वर जाऊन दुहेरी शह देतो. पुढचे तुम्हीच करून बघा, पुन्हा जी१ वर वजिराचा बळी आणि घोड्याची मात.

म्हणून आरोनियनने त्यातल्या त्यात बरा मार्ग घेतला. १७. उंट×जी४ उंट×डी४ शह १८. राजा एच१ घोडा×जी४ १९. घोडा×एफ८.

मोजणी आणि तिची मर्यादा

आता मोहरी मोजा. प्यादी दोघांची पाच-पाच. वजीर एकेक. पांढऱ्याकडे दोन हत्ती, एक उंट, दोन घोडे. काळ्याकडे एक हत्ती, दोन उंट, एक घोडा. म्हणजे पांढऱ्याकडे एक अख्खा हत्ती जास्त! वर एफ८ चा पांढरा घोडा काळ्या राजाच्या हाताशी.

ही स्थिती मी आमच्या विंगमध्ये सहा जणांना दाखवली आणि विचारले, काळ्याची खेळी काय? पाच जण म्हणाले, "घोडा मार, त्यात विचार काय करायचा?" सहावा चहा प्यायला गेला. हिशेबाने बघितले तर पाचही जणांचे चूक नव्हते. हत्ती गेला, घोडा परत मिळतो आहे, घेऊन टाका. पण राजाने घोडा मारला की सी२ चा वजीर धाडकन एच७ वर येतो आणि पांढऱ्याला उलटा हल्ला करायला संधी मिळते.

आनंदने केले १९...एफ५! एका प्याद्याच्या खेळीने सी२ ते एच७ ही पांढऱ्याची एकमेव चालू रेषा बंद. एफ८ चा घोडा कुठे पळून जाणार? आता धमकी आहे वजीर एच४ आणि मग एच२ वर मात. पांढऱ्याने जाता जाता २०. घोडा×ई६ करून वजिरावर हल्ला केला तर वजीर एच४, २१. एच३ वजीर जी३ आणि एच२ वरची मात थांबत नाही. २२. एच×जी४ केले तर वजीर एच४ वर परत येऊन मात.

२०. घोडा जी६. एच४ चे घर राखायला घोडा मागे आला. २०...वजीर एफ६ २१. एच३ वजीर×जी६. घोडा मिळाला, आणि तोही आनंदच्या सोयीने.

२२. वजीर ई२ वजीर एच५. आता धमकी काय? वजीर×एच३ आणि मात. एच३ ला जी२ चे प्यादे आहे ना? आहे, पण ते हलू शकत नाही. ते हलले की बी७ च्या उंटाचा थेट राजाला शह. बाराव्या खेळीला भिंत काढली ती यासाठी. मग एच३ च्या प्याद्याने जी४ चा घोडा मारावा? तेही हलू शकत नाही, कारण एच५ च्या वजिरासमोर राजा उघडा पडतो. म्हणजे राजाच्या अंगातले चिलखतच त्याला जखडून बसले आहे.

२३. वजीर डी३. तिसऱ्या रांगेवरून एच३ ला जोर दिला आणि डी४ च्या उंटावर हल्लाही केला. चांगली खेळी वाटते ना? २३...उंट ई३! उंट वजीर आणि एच३ यांच्या मध्ये येऊन बसला. जी१ वरची त्याची नजर कायम, आणि वजिराने त्याला मारले तर जी४ चा घोडा वजीर मारतो. आरोनियनने इथेच डाव सोडला.

बांधून ठेवलेला हत्ती

आर्वी तालुक्यातले माझे आबा देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळत आले, ज्यात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते. सुटीत घरी गेलो तेव्हा शेवटची स्थिती त्यांच्यासमोर मांडली. मी रेषा, जोर, धमकी असे बरेच काही समजावून सांगितले. आबांनी सगळे ऐकले आणि ए१ वर बोट ठेवले. म्हणाले, "अरे, हा पांढऱ्याचा हत्ती त पैल्या घरातूनच हालला नाही. काहून, पोळ्यासाठी बांधून ठेवला का? अन् त्याच्या बाजूचा हा उंटबी तसाच."

मी पुन्हा पहिल्यापासून डाव लावला. आबा बरोबर होते. पांढऱ्याचा ए१ चा हत्ती आणि सी१ चा उंट या तेवीस खेळ्यांत एकदाही हलले नाहीत. आणि घोडा? एफ३, जी५, एच७, एफ८, जी६ अशा पाच खेळ्या त्या एका घोड्याने केल्या. एक प्यादे आणि एक हत्ती कमावला आणि स्वतः मेला. आनंदचाही सी८ चा हत्ती एकदाच हलला, हे खरे. पण पांढऱ्या राजाच्या भोवती शेवटी काळ्याचे किती मोहरे काम करीत होते ते मोजा : वजीर, दोन उंट, घोडा. राखायला जवळ एफ१ चा हत्ती, आणि धावून आलेला एक वजीर. एकूण मोजणीत पांढरा शेवटपर्यंत पुढेच होता. जिथे लढाई होती तिथे मात्र तो उणा होता.

एखाद्याला वाटेल, आनंदला हे सगळे पटावर बसून सुचले. तसे नाही. या मांडणीतली कल्पना त्याने २०१२ च्या मे महिन्यात मॉस्कोला गेल्फांडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी तयार केली होती. तिथे ती वापरायची वेळ आली नाही. सात-आठ महिन्यांनी दुसऱ्याच स्पर्धेत, दुसऱ्याच खेळाडूसमोर ती कामी आली. आणि मुळात ही आकृतीही नवी नव्हती. १९०७ साली लॉड्झ शहरात रुबिनस्टाइनने रोटलेवीविरुद्ध असेच दोन उंट शेजारच्या दोन रेषांवर लावले होते, वजीरही मारू दिला होता आणि २५ खेळ्यांत डाव जिंकला होता. आनंदने स्वतःच या डावाची आठवण काढली. म्हणजे शंभरापेक्षा जास्त वर्षे जुना डाव ज्याने नीट वाचला होता, त्याला नवा डाव दिसला.

आपल्यासाठी यात काय आहे? मला वाटते, एवढेच की केलेला अभ्यास लगेच वापरला गेला नाही म्हणून वाया जात नाही. ज्या विषयाचा प्रश्न या सेमिस्टरला आला नाही तो सोडून द्यायचा, ही आपली सवय. मॉस्कोत न आलेला प्रश्न वाइक आन झीला आला, आणि ज्याची वही तयार होती त्याने तो सोडवला. दुसरे असे, की पट्टीवरचा आकडा कोण जिंकतो आहे ते सांगतो, का ते सांगत नाही. "का" साठी पट मांडावा लागतो, आणि कधी कधी शेजारी एखादे आबाही लागतात.

गोरसपाकाचा पुडा शेवटी रूममेटने जिंकला. त्याची एकोणिसावी खेळी जुळली होती, आणि ती सापडायला त्याला चाळीस मिनिटे लागली. संगणकाला ती क्षणात दिसते. पण चाळीस मिनिटांनंतर ती खेळी त्याची स्वतःची झाली. आता कोणी झोपेतून उठवून विचारले तरी तो कारणासकट सांगतो.

जाता जाता तुमच्यासाठी तीन प्रश्न. उत्तरे मोबाईलवर शोधू नका, पटावरच सापडतील.

१. सोळाव्या खेळीनंतर डी४ च्या पांढऱ्या प्याद्याने ई५ चा घोडा का मारता येत नाही?

२. बाविसाव्या खेळीला पांढऱ्याने वजीर ई२ ऐवजी एच×जी४ केले असते तर काळ्याने एका खेळीत मात कशी दिली असती?

३. शेवटच्या स्थितीत पांढऱ्याने सी१ च्या उंटाने, म्हणजे पहिल्यांदाच हलून, ई३ चा उंट मारला तर काय होते?

तिन्ही जमली तर पुढच्या रविवारी पट घेऊन आमच्या विंगमध्ये या. काळी मोहरी मी घेईन.